वसंतरावांच्या वाट्याचा शब्द

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत वसंतराव चक्रनारायणांना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या घरात त्यांच्या बाप्तिस्म्याचा एक जुना फोटो आहे. त्यात पाळकांच्या हातातल्या तान्ह्या बाळाचं तोंड सताड उघडं आहे आणि पाळकांचं तोंड मिटलेलं आहे. पुढच्या सगळ्या आयुष्याचा अंदाज त्या फोटोवरूनच यायला हवा होता, पण तेव्हा तो कुणाला आला नाही.

वडील नगरकडून येऊन गिरणीत लागले होते. वसंतराव गिरणीच्या वाटेला गेले नाहीत. हिंदमाताच्या एका मोठ्या साड्यांच्या दुकानात ते गादीवर मांडी घालून बसले, ते निवृत्त होईपर्यंत उठले नाहीत. साडी विकायला नजर लागते, हात लागतो, पण सगळ्यात आधी तोंड लागतं, आणि ते त्यांच्याकडे जन्मापासून होतं. गिऱ्हाईक गप्प झालं की ते उठलंच म्हणून समजावं, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून गप्प होण्याची वेळ येऊच द्यायची नाही. "बसा ताई, काय दाखवू?" असं ते प्रत्येकीला विचारत खरे, पण ताई बसेपर्यंत पहिली साडी उलगडलेली असे, ताई तोंड उघडेपर्यंत चौथी, आणि वसंतराव स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून, मान वेळावून, आरशाकडे बघत उभे असत. ताईंना काय हवं असतं ते ताईंना कुठे ठाऊक असतं, असं ते म्हणत. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की अडकलेल्या बायका दुकानाच्या पायरीवर आसऱ्याला चढत, आणि पाणी ओसरून घरी निघताना प्रत्येकीच्या हातात एकेक पिशवी असे.

माणूस मनाने निर्मळ होता. कुणाचं वाईट चिंतलं नाही, मापात पाप केलं नाही, रविवारची उपासना चुकवली नाही. फक्त देवापुढेही ते गादी मांडूनच बसत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत आधी अन्नाबद्दल आभार, मग चर्चच्या मंडळीतले आजारी, मग लेक अनुजाची बदली, मग चाळीच्या पुनर्विकासाचं घोंगडं, आणि या प्रत्येक बाबतीत देवाने नेमकं काय करावं याच्या दोन-तीन सूचना. एक पटली नाही तर दुसरी तयार असे. भिंती पातळ, त्यामुळे शेजारच्या लवू परबला सगळं ऐकू जाई. दोघे एकाच वेळी पानावर बसत, आणि पलीकडून वसंतरावांचं 'आमेन' आलं की लवू हात धुवायला उठे.

मंडळीत कुणी वारलं की सांत्वनाला वसंतराव हवेतच, हेही ठरून गेलेलं होतं. दुःखाच्या घरात लोकांना काय बोलावं सुचत नाही, आणि वसंतरावांना तर न बोलणं सुचत नसे. त्यांच्या स्वतःच्या ठाकूरद्वारच्या सासूबाई गेल्या त्या दिवशीचं त्यांचं बोलणं मंडळीत अजून काढतात. बाई कशी तृप्त होऊन गेली, डोळे गेले तरी तक्रार नाही, शेवटी तिला कशाची म्हणून इच्छा उरली नव्हती, असं त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला इतकं रंगवून सांगितलं, की मरावं तर असं, असं म्हणत लोक डोळे पुसून जात होते.

सुचित्राबाई मात्र अबोल होत्या. पालिकेच्या शाळेत शिकवायच्या, तेव्हा दिवसाचं बोलणं वर्गात होऊन जाई, आणि घरी त्याची गरज कधी पडली नाही. दरवर्षी नाताळला वसंतराव त्यांना दुकानातून साडी आणत. त्या ती हातात घेऊन छान आहे म्हणत आणि कपाटात ठेवत. संसार असा सुरळीत चालला होता. मग वसंतराव निवृत्त झाले.

आता दुकानभर वाहणारं बोलण्याचं ते सगळं पाणी दोन खोल्यांत शिरलं. मंडईतून दुधी आणला तरी ते तो हातावर फिरवून, उजेडात धरून, त्याची कांती दाखवून सुचित्राबाईंना पटवत. तो दुधी आधीच विकत घेतलेला असे, याचा त्यांना विसर पडे. बाई मान डोलवत. दिवसभर मान डोलवून त्यांची मान दुखायला लागली, असं लवूची बायको लक्ष्मी म्हणे. ते खोटं असेल, पण अशक्य नव्हतं.

अशात सुचित्राबाई दर गुरुवारी संध्याकाळी परळच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाऊ लागल्या. पूर्वी पाळकबाई म्हणजे पाळकांची बायको. आता एस्तेर उजागरे नावाची तरुण बाई स्वतःच पाळक होऊन आली होती, आणि तिने 'मनन वाचन' सुरू केलं होतं. सुचित्राबाई जाताना थकलेल्या असत आणि येताना हलक्या होऊन येत. एकदा तर जिना चढताना त्या गीत गुणगुणत होत्या. तिथे काय मिळतं, असं वसंतरावांनी विचारलं. काही नाही, असं बाई म्हणाल्या. काय करता तिथे? काही नाही. बाईमाणूस दर आठवड्याला एकाच ठिकाणी जातं, रिकाम्या हाताने परत येतं आणि तरी खूश असतं, हे साड्यांच्या धंद्यातल्या माणसाला पटण्यासारखं नव्हतं. पुढच्या गुरुवारी तेही सदरा घालून तयार झाले. सुचित्राबाईंनी दारात क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि चपला पायात घातल्या.

देवळाच्या मागच्या खोलीत सात-आठ माणसं गोल करून बसली होती. पाळकबाईंनी नव्या माणसासाठी रीत समजावून सांगितली. शास्त्रातला एक लहानसा उतारा अगदी सावकाश तीनदा वाचायचा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा जो शब्द मनाला अडकेल तो धरून ठेवायचा. तिसऱ्यांदा त्याबद्दल देवाशी मनातल्या मनात बोलायचं, आणि मग तेही सोडून त्याच्यासमोर नुसतं बसायचं. शेवटी प्रत्येकाने आपल्याला अडकलेला शब्द सांगायचा. एकच शब्द, त्यावर भाषण नाही. शमुवेल मास्तर नावाचे निवृत्त हेडमास्तर होते, त्यांच्यापुढे शाळेतल्या टेबलावरची बोटाने दाबायची घंटी ठेवलेली होती. ती वाजली की शांतता सुरू, पुन्हा वाजली की संपली.

त्या दिवशीचा उतारा बारा वर्षं आजारी असलेल्या बाईचा होता. ती गर्दीतून मागून येते, प्रभूच्या वस्त्राच्या काठाला हात लावते आणि बरी होते. काठ म्हटल्याबरोबर वसंतराव सावरून बसले. विणतानाचा काठ, का वेगळा जोडलेला? गर्दीत हात लावला म्हणजे नुसता लावला नसेल, दोन बोटांत धरून पाहिला असेल, बाया तशाच पाहतात. पाळकबाई तिसऱ्यांदा वाचत होत्या तेव्हा वसंतराव काठाखालच्या गोंड्यांपर्यंत पोचले होते आणि देवाशी बोलायला त्यांना सवड झाली नाही. मग शब्द सांगायची पाळी आली. कुणी 'गर्दी' म्हणालं, कुणी 'भीती', सुचित्राबाई 'मागून' म्हणाल्या. वसंतराव 'काठ' म्हणाले आणि 'म्हणजे बघा' म्हणून पुढे सुरू झाले. मास्तरांनी घंटी वाजवली. दुकानात घंटी वाजली म्हणजे मालकांनी चहा सांगितला, एवढंच वसंतरावांना ठाऊक, त्यामुळे त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि बोलणं चालू ठेवलं.

पुढच्या गुरुवारी वादळाचा उतारा होता. होडी हेलकावे खातेय आणि प्रभू उशीवर डोकं टेकून झोपलाय. या वेळी वसंतराव निर्धाराने गप्प बसले. बोलायचं बंद झाल्यावर त्यांच्या देहाला दुसरं काही येत नसल्यामुळे तिसऱ्या वाचनात त्यांना झोप लागली, आणि वादळाची जी काही कसर वाचनात राहिली होती ती त्यांच्या घोरण्याने भरून काढली. मास्तरांनी घंटी दाबली. वसंतराव दचकून जागे झाले, समोर बायका बसलेल्या पाहिल्या आणि हात पुढे करून म्हणाले, "बसा ताई, काय दाखवू?"

खोलीभर हशा पिकला. पाळकबाईंनी रुमालात तोंड लपवलं, मास्तरांचासुद्धा चष्मा हलला. एकट्या सुचित्राबाई हसल्या नाहीत.

परतताना करी रोडच्या पुलावर वसंतराव खुशीत होते. लोक किती कोंडल्यासारखे बसतात तिथे, आज जरा मोकळे झाले की नाही, पुढच्या वेळी आपण एखादा किस्सा घेऊन जावा काय, असं त्यांचं चाललं होतं. बाई चालता चालता कठड्यापाशी थांबल्या.

"आठवडाभर मी तुमचं ऐकते," त्या म्हणाल्या. "त्याला माझी ना नाही. पण गुरुवारचा एक तास मला देवाचं ऐकायचं असतं. तेवढाच एक तास माझा होता. तुम्हाला जायचं असेल तर पुढच्या गुरुवारी तुम्ही जा. मी घरी बसेन."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर वसंतरावांना उत्तर सुचलं असतं. उरलेली वाट दोघे न बोलता चालले, आणि त्यातला एकजण पहिल्यांदाच तसा चालत होता. घराच्या जिन्यावर वसंतरावांनी एवढंच मागून घेतलं, की एक गुरुवार द्यावा. त्या दिवशी एका शब्दावर दुसरा शब्द निघाला तर पुन्हा देवळाच्या मागच्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. बाईंनी विचार करून मान डोलवली, पण ही मान नेहमीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वसंतरावांनी सराव सुरू केला. चहा झाला, एक शब्द नाही. पेपर आला, एक शब्द नाही. नळाच्या वेळी गॅलरीत सगळी चाळ जमली, तिथून ते मान खाली घालून पाणी घेऊन गेले. लक्ष्मीने हातातली बादली खाली ठेवली. तिने आधी दाराआडून, मग दारातून आणि मग आत येऊन पाहिलं. "वैनी, भावजी बोलनत नाय ते? काय झाला?" तिने विचारलं. सुचित्राबाई काही सांगायच्या आत ती लवूला बोलावून घेऊन आली. लवूच्या एका चुलत्याचं असंच एका सकाळी बोलणं बंद झालं होतं आणि तो लकव्याचा झटका निघाला होता, त्यामुळे लवूने वसंतरावांना हात वर करायला लावला, जीभ बाहेर काढायला लावली, हसून दाखवायला लावलं. वसंतरावांनी निमूटपणे तिन्ही केलं. त्या निमूटपणानेच लवूचा धीर सुटला आणि तो नाक्यावरच्या डॉक्टरांना आणायला पळाला. लक्ष्मी तांदळाची पेज करून घेऊन आली. डॉक्टर येईपर्यंत गॅलरीत अर्धी चाळ उभी होती. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळ्यात बॅटरी मारली आणि त्रास काय होतो असं विचारलं. तेव्हा मात्र वसंतरावांचा नाइलाज झाला. मौनाची प्रार्थना म्हणजे काय, ती शास्त्राला धरून कशी असते, तिच्यात तीनदा का वाचतात आणि ती बोलणाऱ्या माणसाला किती अवघड, हे त्यांनी डॉक्टरांना आणि चाळीला असं समजावून सांगितलं की डॉक्टरांचा दवाखाना उशिरा उघडला. लवू खूश होऊन घरी गेला.

शनिवारी वसंतराव एकटेच पाळकबाईंकडे गेले आणि यात काही हातोटी असते का, असं त्यांनी विचारलं. भारीभारी साड्यांच्या घड्या त्यांनी एका झटक्यात उलगडल्या होत्या, पण तोंडाची घडी घालायला कुणी शिकवलं नव्हतं. पाळकबाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या खात्यावर लिहिलं पाहिजे. त्या म्हणाल्या, काका, तोंडाचं सोडा. त्यांनी बायबलमधला एक उतारा काढून दिला. रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्या भिकाऱ्याचा, जेमतेम सात-आठ ओळींचा. गुरुवारी हाच वाचणार आहोत, म्हणाल्या, तोवर दुसरं काही वाचू नका. हळू वाचा. जिथे अडाल तिथे थांबा, आणि पुढे जायची घाई करू नका.

वसंतरावांनी तो तिथेच वाचून टाकला आणि झालं म्हणाले. पाळकबाई म्हणाल्या, आता पुन्हा.

घरी गॅलरीत खुर्ची टाकून ते पुन्हा वाचायला बसले. आंधळा माणूस त्यांना पहिल्यापासून आवडला. प्रभू रस्त्याने जातोय कळल्यावर तो ओरडायला लागतो. लोक त्याला गप्प बस म्हणून दटावतात, तर तो आणखीच मोठ्याने ओरडतो. हा मजकूर पुलावर सुचित्राला दाखवायला हवा होता, असं वसंतरावांच्या मनात आलं, पण ते गिळून त्यांनी पुढे वाचलं. प्रभू थांबतो. त्याला बोलावून घेतो. आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?

इथे वसंतराव अडले.

अडले म्हणण्यापेक्षा चिडले. समोर आंधळा उभा आहे. ठेचकाळत आलाय. त्याला काय हवं ते शेंबडं पोरही सांगेल. मग विचारायचं कशाला? गादीवरच्या नव्या माणसालासुद्धा ते असं करू देत नसत. हातातला माल उलगडायचा आणि मोकळं व्हायचं. देवाला धंद्यातलं काही कळत नाही, असं त्यांचं पहिलं मत झालं. सोमवारी ते मत थोडं हललं, कारण पुन्हा वाचताना त्यांच्या लक्षात आलं की प्रभू नुसता विचारत नाही, तो विचारून थांबतो. समोरचा बोलेपर्यंत दुसरं काही करत नाही. हाच प्रश्न वसंतरावांनी आयुष्यभर विचारला होता. रोज विचारला होता, झोपेतसुद्धा विचारला होता, ते सगळ्यांनी ऐकलंच. पण उत्तरासाठी ते एकदाही थांबले नव्हते.

हे काही बरं वाटलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि आत पाहिलं. सुचित्राबाई पाठमोऱ्या बसून शिवत होत्या. हिला विचारलं तर ही काय म्हणेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते उत्तर आपल्याला ठाऊक नाही हे कळून ते चपापले. त्यांनी मनातल्या मनात तिचं कपाट उघडलं. सगळ्या नाताळच्या साड्या ओळीने आठवल्या, मोरपंखी, राणी, मोहरीच्या रंगाची. एकूण एक त्यांनी निवडलेली. प्रत्येक वेळी ती छान आहे म्हणाली होती आणि प्रत्येक वेळी एकाच सुरात म्हणाली होती. हिंदमाताच्या गर्दीत गिऱ्हाइकाचा सूर ओळखणाऱ्या माणसाला घरातला हा सूर कधी ऐकूच आला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी बाई मेथी निवडत होत्या. वसंतराव समोर येऊन बसले.

"सुचित्रा, तुला काय हवंय?"

बाईंनी सवयीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. काय आणलंत, असं त्यांनी विचारलं. काही आणलेलं नाही, असं ते म्हणाले. मग? मग काही नाही, विचारतोय.

बाईंचा मेथीतला हात थांबला. आणि वसंतरावांची खरी परीक्षा सुरू झाली. त्यांच्या जिभेवर माल येऊन उभा राहिला. अनुजाकडे जाऊन येऊ या का? गुडघ्याला दुसरा डॉक्टर बघू या? नवा मिक्सर? बंगळुरी सिल्क? एकेक चीज पुढे येई आणि ते दात आवळून तिला मागे लोटत. पलीकडे लक्ष्मीच्या कुकरने शिट्टी दिली. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना. बाई त्यांच्याकडे बघत होत्या आणि ते बाईंकडे. त्या दोन खोल्यांत अशी शांतता याआधी कधी पडली असेल तर दोघे गाढ झोपेत असताना, आणि तेव्हाही वसंतराव घोरत असत.

शेवटी बाई म्हणाल्या, "विचार करून सांगते." आणि त्यांनी पुन्हा मेथी ओढली.

 'विचार करून सांगते' हे काय वाक्य आहे ते गादीवरच्या माणसाला विचारावं. जन्मात त्यांनी ते ज्या ज्या बाईच्या तोंडून ऐकलं, ती पायरी उतरून गेली आणि पुन्हा दिसली नाही. रात्रभर ते कुशीवर वळत राहिले. सकाळी त्यांना दोन-तीनदा पुन्हा विचारावंसं वाटलं, पण बोलले नाहीत. गुरुवारची संध्याकाळ येईतो त्यांनी आशा सोडून दिली होती.

परळच्या खोलीत नेहमीची माणसं जमली. वसंतराव शमुवेल मास्तर आणि सुचित्राबाई यांच्या मधोमध बसले. मास्तरांनी घंटी स्वतःच्या जरा जवळ ओढून घेतली, उघडउघड खबरदारी म्हणून. पाळकबाईंनी उतारा वाचला. आंधळा ओरडला, लोकांनी दटावलं, प्रभू थांबला, त्याने विचारलं. तीनदा वाचून झालं, शांतता झाली. वसंतराव जागे होते. त्यांचा शब्द ठरलेला होता, 'थांबला'. तेवढा बोलायचा आणि तोंड मिटायचं. ते मनात त्या शब्दाला घट्ट धरून बसले होते.

शब्द सांगायला सुरुवात झाली. कुणी 'रस्ता' म्हणालं, कुणी 'धीर'. फिरत फिरत पाळी सुचित्राबाईंवर आली.

"आई," त्या म्हणाल्या.

लोक जरा गोंधळले, कारण उताऱ्यात कुठे आई नव्हती. वसंतराव तोंड उघडायला तयार झाले, पण बाईंचं संपलं नव्हतं. त्या मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत बोलू लागल्या. माझ्या आईचे डोळे शेवटी गेले होते, त्या म्हणाल्या. ठाकूरद्वारला खिडकीत बसून असायची. येणारा प्रत्येकजण तिच्या हातात काहीतरी द्यायचा, फळ, शाल, नाहीतर औषधं. ती हसून घ्यायची. एके दिवशी मी तिला सहज विचारलं, आई, तुला काय हवंय? तर लगेच म्हणाली, मला खाली नाक्यावर नेऊन उभी कर. दिसत नाही, पण रस्त्याचा आवाज जवळून ऐकायचाय.

बाई म्हणाल्या, "माझ्याकडे पेपर तपासायला होते. मी म्हटलं, उद्या नेते. त्या रात्री ती गेली."

 वसंतरावांना तो दिवस आठवला. सासूबाई तृप्त होऊन गेल्या, त्यांना कशाची म्हणून इच्छा उरली नव्हती. दारात उभं राहून त्यांनी दिवसभर सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ही आतल्या खोलीत बसून ते सगळं ऐकत होती. त्यांना आपले शब्द एकेक करून आठवले आणि एकेक बोचला.

"त्या दिवशी मला हे कुणाला तरी सांगायचं होतं," सुचित्राबाई म्हणाल्या. "पण माणसं फार होती. बोलणंही फार झालं होतं." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. मग आईचं आणखी काही सांगू लागल्या, ती पायऱ्या कशा मोजायची, वासावरून भाजीवाली कशी ओळखायची, लहानपणी आपल्याला नाक्यावर उभं करून बैलगाडी आणि घोडागाडी आवाजावरून कशी ओळखायला लावायची. दबलेल्या आवाजात, न थांबता त्या बोलत होत्या. इतकी वाक्यं त्यांच्या तोंडून एका दमात निघालेली वसंतरावांनी लग्नापासून ऐकली नव्हती. पायरी उतरून गेलेलं गिऱ्हाईक परत आलं होतं, आणि त्याला जे हवं होतं ते त्यांच्या दुकानात कधी नव्हतंच.

नियम तो नियम. शमुवेल मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि बोट घंटीकडे नेलं. वसंतरावांचा पंजा त्यांच्याआधी पडला. साडी दाबून धरावी तसा त्यांनी तो घंटीवर दाबून धरला. मास्तरांनी दोनदा हळूच ओढून पाहिलं, पण तो हात गादीवर आयुष्य काढलेला होता, तो काही सुटला नाही.

शेवटी बाई दम खायला थांबल्या आणि त्यांनी डोळे पुसले. पाळकबाई वसंतरावांकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, काका, तुमचा शब्द?

सगळी खोली वसंतरावांकडे बघू लागली. सुचित्राबाईंनीही पाहिलं. 'थांबला' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, दोन दिवस सांभाळून आणलेला. त्यांनी घंटीवरचा हात तसाच ठेवला.

"माझ्या वाट्याचा तिलाच द्या," ते म्हणाले. "तिचं अजून व्हायचंय."

मग ते गप्प बसले आणि सुचित्राबाई पुढे बोलू लागल्या.